तुटायचं दावं

आधीच सांगून टाकते, ठरावातली तीन फुटांची चूक माझी. मी कबूल करूनही गावात अजून लोक सरपंचांना, म्हणजे आसारामआण्णांना नावं ठेवतात. आण्णा ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे बोट दाखवतात आणि भाऊसाहेब ‘ऑपरेटरनं टाईप केलंय’ म्हणून हात झटकतात. या एका बाबतीत भाऊसाहेब खरं बोलतात. मी स्नेहल, आमच्या ग्रामपंचायतीची कॉम्प्युटर ऑपरेटर. दाखले काढायचे, उतारे छापायचे, ठराव टाईप करायचे आणि येईल त्याची बोलणी खायची, असं माझं काम. पण ही गोष्ट माझी नाही, कलाबाईची आहे. ती सांगायला लागले की मी कायम मधूनच सुरू करते, धाप लागल्यासारखी. आज नीट पहिल्यापासून सांगते.

कलाबाई दोर वळते. सोनईच्या पुढं, मुळेच्या कालव्याला लागून आमचं गाव. गावाच्या शेवटच्या टोकाला, उसाला खेटून तिचं दोन खोल्यांचं घर. दावी, कासरे, म्होरक्या, बैलांच्या गळ्यातले गोंडे, जनावराला लागेल ते सगळं ती करते आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पोतं अंथरून विकते. नवरा होता तेव्हा दोघं मिळून घायपाताचे दोर वळायचे. नवरा गेला, घायपातही गेला, नायलॉन आला. बाकीच्यांनी धंदा सोडला. या बाईनं खताच्या रिकाम्या गोण्या उसवल्या, त्यांचे धागे काढले आणि त्यांना पीळ घालायला बसली. साठी उलटली तरी तिच्या हातून धागा इतका भरभर फिरतो, की बघणाऱ्याचे डोळे थकतात.

“बैल म्हातारा हुईल, खुंटा कुजंल, पर कलाबाईचं दावं तुटायचं न्हाई!” असं ती बाजारात ओरडायची. नुसतं ओरडायची नाही, तिला ते खरंच वाटायचं. एकदा भर बाजारात एक खिलारी बैल उधळला. खुंटा उपटला, मालकाला चार हात फरफटत नेलं, चहाचा गाडा उलथा केला. माणसं मालकाला उचलायला धावली. कलाबाई धावली ती दाव्याकडे. धुळीत बसून तिनं दावं हातावर घेतलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपलं आणि मग मान वर करून विचारलं, “मालकाला लागलं का वो?” यावरून लोक तिला अजून चिडवतात.

अशा बाईनं कुत्री पाळली होती ती मात्र मोकळी. नाव सुतळी. बाजारातून परतताना दाव्यांच्या पोत्यात झोपलेलं एक पिल्लू घरी आलं, तेव्हा ते सुतळीच्या तोड्याएवढंच होतं. पुढं खाऊनपिऊन मोठी झाली तरी अंगानं बारीकच राहिली. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. कलाबाई दोर वळायला बसली की ही दोराचं मोकळं टोक पंज्याखाली दाबून समोर बसायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. लोक हसायचे, “कलाबाई, सगळ्या तालुक्याची जनावरं बांधली, आपली कुत्री का गं मोकळी?”

“बैलाला जायचं असतं, म्हनून बांधावा लागतो,” ती म्हणायची. “हिला कुठं जायचंय?”

आता यंदाच्या हिवाळ्याचं. ऊसतोड सुरू झाली आणि गावात दोन गोष्टी एकदम वाढल्या, कुत्री आणि बिबट्याच्या बातम्या. तोड झालेल्या रानातला बिबट्या उरलेल्या उसात सरकतो, हे आम्हाला आता पाठ झालंय. कुत्री वाढायचं कारण वेगळं होतं. पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या कालव्याकडेला टाकायचे, त्यावर दहा-बारा कुत्र्यांची टोळीच जमली. एके सकाळी त्यातल्या एकानं डेअरीला दूध घालायला निघालेल्या अश्विनीवहिनीच्या पोटरीचा लचका तोडला. अश्विनीवहिनी म्हणजे रंभाजीतात्यांची सून. तात्या गावातले मोठे बागायतदार, आवाज खणखणीत, सुनेवर लेकीसारखी माया. ते ग्रामसभेत उभे राहिले आणि गरजलेच, “गावात एकबी कुत्रं मोकळं दिसता कामा नये! ज्याचं हाय त्यानं बांधा. न्हाई बांधलं तर गाडी बोलवा आन् उचलून न्या!”

त्यांचा राग खरा होता, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी कलाबाई उठली.

“आण्णा, मला एक सांगा, वनखातं बिबट्या धरायला काय करतं?”

“पिंजरा लावतं,” आसारामआण्णा म्हणाले.

“आन् पिंजऱ्यात?”

“शेळी बांधतं.”

“म्हंजे बांधल्यालं जनावर दिसलं की त्यो येतो, हे खात्याला ठावं हाय. मंग तुमी घरोघरी दारात कुत्रं बांधून कुनाला बोलावताय?”

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “अगं, तुझीच दावी खपतील की! धंद्याची चिंता सोड!” सगळे हसले. कलाबाईच्या अंगाची लाही लाही झालेली मला माझ्या खुर्चीवरून दिसली. पण हसणाऱ्यांत मीही होते, हेही सांगायला हवं. ठराव मंजूर झाला.

भाऊसाहेब मला म्हणाले, “स्नेहल, चांगल्या भाषेत टाईप कर.” मी मोबाईल उघडला. कुठल्याशा शहरातल्या सोसायटीची नियमावली सापडली. भाषा अशी झकास, की मी ती उचलून आमच्या ठरावात डकवली. त्यात लिहिलं होतं, पट्टा तीन फुटांपेक्षा लांब नसावा. तो पट्टा कुत्र्याला रस्त्यावर फिरवायचा होता, माणसानं हातात धरायचा. आमच्याकडे कुत्र्याला फिरवतंय कोण? माझ्या ठरावात ते असं उतरलं: ‘पाळीव कुत्रे घराबाहेर अहोरात्र बांधून ठेवावे, साखळी अगर दावे तीन फुटांपेक्षा लांब नसावे.’ अहोरात्र हा शब्द मात्र माझा स्वतःचा. मला तो भारदस्त वाटला.

सही झाली, शिक्का बसला, देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं. सोमवारपासून मोकळं कुत्रं दिसलं की तालुक्याहून गाडी येणार. प्रत्येक बांधलेल्या कुत्र्याचा फोटो काढून फाईलला लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेही जीपीएस कॅमेऱ्यानं, खाली तारीख, वेळ, ठिकाण सगळं उमटलं पाहिजे.

लोक दाव्यासाठी कलाबाईकडे धावले. तिनं कुत्र्यासाठी एकही दावं विकलं नाही. “बैलाचं मागा, देते,” एवढंच उत्तर. रंभाजीतात्यांनी नेवाशाहून चांगली जाडजूड लोखंडी साखळी आणली आणि आपला काळू, घरचा जुना राखणदार, गोठ्याबाहेर बांधला. गावासमोर नियम आपण आधी पाळायचा, ही त्यांची रीत.

शनिवारी मी कलाबाईकडे गेले. “मावशी, सोमवारपर्यंत बांध गं. न्हाईतर गाडी घेऊन जाईल सुतळीला. एकदा गाडीत गेली की कुठं सोडतील, नेम नाही.”

ती दारात पीळ घालत बसली होती, पण हात संथ चालत होते. सुतळी समोर टोक दाबून बसलेली.

“बांधली तर बिबट्या, न्हाई बांधली तर गाडी,” ती म्हणाली. “कुठूनबी हीच जायची.” मग हातातलं दावं माझ्यापुढं धरलं. “म्हनून हे वळतेय. बघ.”

मी बघितलं. नायलॉनचा घट्ट, देखणा पीळ, आणि एका टोकाजवळ वीतभर जागा कसली तरी वेगळी. भुरी, जुनाट.

“ताग हाय. जुन्या पोत्याचा. एवढ्याच जागी कच्चा पीळ घातलाय. कुत्रं हिकडं-तिकडं फिरलं, भुकलं, ओढलं, तर टिकंल. जिवाच्या आकांतानं उडी मारली तर तुटंल.”

“मावशी! तू तुटायचं दावं वळतेस?”

“हळू बोल,” ती एकदम म्हणाली आणि इकडंतिकडं बघितलं. खरंच सांगते, तिला लाज वाटत होती. “चाळीस वर्सं झाली. हात धजतच न्हाई बघ. तागावर आलं की बोटं आपसूक दाबतात. दोनदा उसवून परत घातलाय.”

मग तिनं मला कामाला लावलं. लिंबाच्या फांदीला दावं टांगून खाली बादली अडकवली. अर्ध्या बादलीला दावं टिकलं. सुतळीचं साधं ओढणं एवढंच, ती म्हणाली. भरलेल्या बादलीलाही टिकलं. “लईच पक्कं झालं,” असं पुटपुटत तिनं तागाचे चार धागे काढून टाकले आणि पुन्हा पीळ घातला. मग मी बादली फांदीपर्यंत उचलून सोडून द्यायची. सोडली, टक्कन आवाज झाला आणि सगळं पाणी माझ्या पायांवर! मी किंचाळले, सुतळी भुंकायला लागली आणि कलाबाई हसायचं सोडून तुटलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. असं चार वेळा केलं. चौथ्यांदा तिची मान हलली. मग अगदी तसंच, तेवढ्याच धाग्यांचं नवं दावं तिनं वळलं.

“लांबी?” मी विचारलं. “ठरावात तीन फूट आहे.”

“हे बारा फूट हाय. तीन फुटांत कुत्र्याला नीट वळताबी येत न्हाई. कुन्या येड्यानं लिवलं गं ते?”

मी तिनं दिलेला चहा प्यायला लागले.

सोमवारी फोटोंचा दिवस. गावभर स्कूटीवर फिरून फोटो काढले. काय सांगू, एकेक कुत्रं तीन फुटांत गोल फिरून खुंट्याला गुंडाळून बसलेलं, कुणी उन्हात, कुणाचं पाणी हातभर लांब. प्रत्येक फोटोखाली माझा नियम पाळल्याची वेळ उमटत होती. कलाबाईचं घर शेवटी राहिलं. पोचले तेव्हा दिवस मावळतीला टेकलेला. सुतळी लिंबाखाली खुंट्याला, बारा फुटांच्या दाव्यानं बांधलेली, तोंड इवलंसं झालेलं. कलाबाई आत चुलीवर भाकरी थापत होती. मी भिंतीशी उभी राहून मोबाईल धरला.

सुतळी माझ्याकडे बघत नव्हती. उसाकडे बघत होती. पडलेला कानही उभा झाला होता. कोंबड्या एकदम चिडीचूप. मी म्हणाले, “सुतळे, हिकडं बघ,” आणि बटण दाबायला आणि ऊस हलायला एकच गाठ पडली. पिवळं काहीतरी जमिनीलगत सरसरत आलं. इतकं जवळून, की पाचोळ्याचा आवाज मला पायाखाली झाल्यासारखा वाटला. बिबट्या! सुतळीनं अख्खं अंग गोळा करून उलट्या बाजूला झेप घेतली, दावं ताठ झालं आणि टक्! शनिवारी चार वेळा ऐकलेला तोच आवाज! बिबट्याचा पंजा मोकळ्या मातीवर पडला. सुतळी बैलगाडीखालून, बाभळीच्या कुपाटीतून तीरासारखी गेली, तोही तिच्यामागं वळला. तोवर कलाबाई पेटतं लाकूड घेऊन बाहेर आली होती आणि अशा शिव्या हासडत होती, की बिबट्याला मराठी कळत असती तर तो शरमेनं परत गेला असता. मीही ओरडायला लागले. दोघींनी पराती बडवल्या. बिबट्या उसात शिरला आणि थोड्या वेळात ऊस हलायचा थांबला.

“तुटलं!” कलाबाई ओरडली. “पोरी, तुटलं ना गं?”

“तुटलं मावशी! तुटलं!” आम्ही दोघी एकमेकींचे दंड धरून नाचत होतो की थरथरत होतो, मला अजून सांगता येत नाही.

आणि तेवढ्यात तीनशे पावलांवरून, रंभाजीतात्यांच्या वस्तीवरून, काळूचा आवाज आला. एकदाच. मागोमाग साखळीचा खणखणाट, माणसांची ओरड. आम्ही पळत पोचलो तोवर सगळं संपलं होतं. बिबट्यानं काळूला धरून दोनदा ओढलं, साखळी तुटली नाही, मग तसाच टाकून गेला. खुंट्यापासून दहा पावलांवर अश्विनीवहिनी गाईची धार काढत होती. दुधाची बादली लवंडलेली आणि ती तिथंच बसून राहिलेली. जिच्यासाठी नियम केला, तिच्याच दारात नियमानं बिबट्या आणून उभा केला होता.

सुतळी त्या संध्याकाळी परत आली नाही. सकाळीही नाही. कलाबाईनं उसाच्या कडेकडेनं हाका मारल्या. मग ती ग्रामपंचायतीच्या ओट्यावर येऊन बसली.

तात्यांनी भल्या सकाळी स्वतः भोंग्यावरून सगळ्यांना बोलावलं होतं. भाऊसाहेब म्हणाले, “तात्या, ग्रामसभेला आधी नोटीस द्यावी लागते.”

“बिबट्यानं दिली हुती का नोटीस?” तात्यांनी विचारलं, आणि पिशवीतून साखळी काढून टेबलावर ठेवली. धुतलेली होती, तरी कुणी तिच्याकडे बघेना. “कलाबाई, तू सांगत हुतीस तवा मी हसलो न्हाई, पर ऐकलंबी न्हाई. माझ्या हातानं बांधला मी त्याला.”

मग मीही उठले. न उठून करते काय? “तीन फूट आणि अहोरात्र, दोन्ही मी लिहिलं. मोबाईलवरून उतरवलं. ठरलं होतं फक्त बांधा एवढंच.” भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं आता नोकरी गेली. कलाबाई माझ्याकडे बघून फक्त म्हणाली, “म्हनून चहा पीत हुतीस व्हय!” आणि त्या तसल्या सकाळीही दोन-चार जण हसले.

अश्विनीवहिनी पट्टी बांधलेल्या पायानं पुढं आली. सभेत ती कधी बोलत नाही. “मला चावलं ते कुनाचं पाळल्यालं नव्हतं. कालव्यावरच्या कोंबड्या खाऊन माजल्यालं हुतं. आधी ते टाकनं बंद करा.” पोल्ट्रीवाले पायांकडे बघू लागले.

पुढचं मी तिथंच बसून टाईप केलं, या वेळी मोबाईल न उघडता. कलाबाई सांगत गेली, आण्णा हो म्हणत गेले. दिवस मावळला की एकही कुत्रं बाहेर बांधायचं नाही, गोठ्यात नाहीतर घरात घ्यायचं. दिवसा बांधलं तर सावलीत, पाणी तोंडाशी, दावं बारा फुटांपेक्षा कमी नको. साखळी बंद. कालव्यावर कोंबड्या टाकणाऱ्यावर कारवाई, आणि जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून सगळ्या कुत्र्यांना टोचून घ्यायचं.

“दावं कसलं, ते लिव,” कलाबाई म्हणाली.

“सांग.”

ती थांबली. सगळं गाव ऐकत होतं. ज्या बाईनं जन्मभर बाजारात न तुटण्याची शपथ घेतली, तिला हे चारचौघांत म्हणायचं होतं. “जिवावर बेतलं तर तुटंल असं,” ती म्हणाली. “तसं मी वळून देईन. सगळ्यांना.”

या वेळी कुणी हसलं नाही.

प्रिंटरमधून कागद निघाला, सह्या झाल्या आणि मी कलाबाईला स्कूटीवर मागं बसवलं. रस्ताभर मी उगाच बडबडत होते, येईल गं, कुत्री कुठं हरवतात होय, असलं काहीबाही. माझा मलाच विश्वास वाटत नव्हता. वळणावरून लिंब दिसला आणि मी करकचून ब्रेक दाबला.

खुंट्याशी सुतळी बसली होती! चिखलानं माखलेली, नाकावर एक ओरखडा, एक कान उभा, एक पडलेला. गळ्यात दाव्याचा हातभर तुकडा. आणि खुंट्याला उरलेलं दुसरं टोक तिनं पंज्याखाली दाबून धरलं होतं, मावशी येऊन कामाला बसेल म्हणून.

“मावशी!” मी ओरडले. “मावशी, आली गं! आली!”

कलाबाई स्कूटी पुरती थांबायच्या आत उतरली. धावली. धुळीत बसकण मारली. सुतळी तिचं तोंड चाटत होती, शेपटीनं अंगण झाडत होती, आणि ही बाई काय करत होती? तिनं गळ्यातला तुकडा हातावर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटांनी चाचपत टोकापर्यंत गेली. भुरा, पिंजारलेला ताग. बरोबर त्याच वितीत.

“तुटायचं तिथंच तुटलंय,” ती म्हणाली. “स्नेहल, बघ की गं. जिथं घातला हुता तिथंच.”

असं म्हणाली आणि त्या तुकड्यासकट कुत्रीला छातीशी धरून मोठ्यानं रडायला लागली. मीही तिच्याशेजारी धुळीतच बसले. थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं, सुतळीच्या नाकाला हळद लावली आणि आतून तागाचं जुनं पोतं ओढून आणलं. काळूच्या जागी गोठ्यात येणाऱ्या नव्या पिल्लासाठी रंभाजीतात्यांना संध्याकाळच्या आत एक दावं हवं होतं.